उभ्या गाडीचा ब्रेक

आमचे घरमालक कुठेही गेले तरी सगळ्यात मागे बसत. लग्नात शेवटची खुर्ची, देवळात आरतीला थेट चपलांजवळ, आणि पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, गणपतीची मिरवणूक निघाली की ढोलवाले, पोरं, बायका, जनरेटरची हातगाडी असं सगळं पुढे जाऊ देऊन मग काका. सकाळी आम्ही समोरच्या तळ्याभोवती फिरायला जायचो, तेव्हाही ते माझ्या दोन पावलं मागे. त्यांच्याशी बोलायचं तर मान वळवून बोलावं लागे आणि त्या नादात एकदा मी एका गाईला जाऊन धडकले. वैतागून म्हटलं, "काका, बरोबरीनं चाला की जरा!"

"तू चाल," ते म्हणाले. "मागं काय राहिलं ते पाहाले कोणीतरी लागते."

सगळी नोकरी त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली होती. ते गार्ड होते. आता त्या पदाला मॅनेजर म्हणतात, हे त्यांना मुळीच आवडत नसे. "मॅनेजर हॉटेलातही असते," ते म्हणत. "गार्ड म्हणजे राखणारा." त्यांचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर नागपुराहून छत्तीसगडात आलेलं. फौजेत पूर्वज काय करत होते असं मी कौतुकानं विचारलं, तर जराही न हसता म्हणाले, "मागं मागं येत असतील."

मी सांगलीकडची. रायपूरशेजारी वसवलेल्या नव्या रायपुरातल्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि रायपुरात मराठी घरमालक मिळाले म्हणून माझ्या आईनं देवाला साखर ठेवली. पहिल्या दिवशी मी सामान घेऊन दारात घुटमळले, तर काकू आतून ओरडल्या, "काहून उभी राहून राहिली? ये ना अंदर!" मला वाटलं, या रागावल्या. पुढे कळलं, त्या लाडानंही अशाच बोलतात. खरोखर रागावल्या की मात्र त्या अजिबात बोलत नाहीत.

तर अशा माणसानं, ज्याचं आयुष्य मालगाडीच्या शेपटाला बसून रांगण्यात गेलं, त्यानं निवृत्त झाल्यावर स्पोर्ट्स कार घेतली.

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलवाल्याचा मुलगा परदेशी निघाला होता, त्याची ही जुनी गाडी. लाल भडक, जमिनीला टेकलेली, दोनच सीटची, वर कापडी छप्पर. सुरू झाली की वरच्या मजल्यावर माझ्या खोलीतल्या कपबशा हलत. काका तिच्यात बसले की त्यांचं टक्कल आणि दोन कान एवढंच बाहेरून दिसे. काकूंनी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं म्हणे, "ही गाडी आहे का चप्पल?"

ही गाडी काका तीसच्या वेगानं चालवत. नव्या रायपुरातले रस्ते विमान उतरावं एवढे रुंद आणि त्यांवर चिटपाखरू नसतं. बससुद्धा क्वचित येते, म्हणून बऱ्याचदा तेच मला कॉलेजात सोडत. त्या मोकळ्या रस्त्यावर आमच्या स्पोर्ट्स कारला स्कूटीवाल्या पोरी मागे टाकत. एकदा धानाची पोती भरलेल्या ट्रॅक्टरनं मागे टाकलं आणि ट्रॉलीवर बसलेल्या बायकांनी आम्हाला हात हलवून निरोप दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी मात्र आनंदानं हात हलवला.

गाडीच्या पाठीवर त्यांनी पिवळ्या रंगाची मोठी फुली रंगवून घेतली होती. रेल्वेत शेवटच्या डब्यावर अशी फुली असते. ती दिसली की स्टेशनमास्तरला कळतं, गाडी अख्खी गेली, मागे एखादा डबा तुटून राहिलेला नाही. सिग्नलला थांबलो असताना मोटरसायकलवरच्या एका मुलानं काचेत वाकून विचारलं, "अंकल, ये क्रॉस किसलिए?"

"बेटा, ये आखरी गाडी है," काका म्हणाले. "इसके पीछे कुछ नहीं आ रहा."

मुलानं मागे वळून पाहिलं. खरंच काही येत नव्हतं.

निघण्याचा सोहळा तर विचारू नका. मला नऊला पोचायचं असायचं आणि आठ वाजता काका गाडीभोवती प्रदक्षिणा घालत असायचे. चाकं ठोकायची. मागचे दिवे लावून त्यांचा लाल उजेड भिंतीवर पडतो का पाहायचा. मग मागे जाऊन उभं राहायचं, शिट्टी मारायची आणि ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटला हिरवा झेंडा दाखवायचा. गार्डनं हिरवा दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही ना! मग झेंडा गुंडाळून पुढे यायचं, स्टिअरिंगमागे बसायचं आणि आत्ताच मिळालेल्या परवानगीनं निघायचं. शिट्टीनं पाऱ्यातली सगळी कुत्री फाटकाशी जमायची. मला मुळातच वाट पाहणं जमत नाही. एकदा म्हटलं, "काका, आणा, मी दाखवते झेंडा. वेळ तरी वाचेल."

"तू सवारी आहेस," ते म्हणाले. "सवारी झेंडा दाखवत नसते."

आणि सवारीनं, म्हणजे प्रवाशानं, बसायचं कुठे, याचाही नियम होता. बाजूच्या सीटवर त्यांनी बाजारातून आणून जाड पारदर्शक प्लास्टिक चढवलं होतं आणि मी त्यावर टॉवेल टाकून बसायचं. उन्हाळ्यात त्या प्लास्टिकवर माझी भाजी व्हायची. मी ते काढून टाका म्हणून हजारदा सांगितलं असेल. "जिची सीट आहे तीच काढंल," एवढंच ते म्हणत.

ती म्हणजे काकू. आणि काकू त्या गाडीत कधीच बसल्या नव्हत्या.

त्याची गोष्ट मला दोघांनी वेगवेगळी सांगितली आणि दोन्ही तंतोतंत सारख्या होत्या. गाडी घरी आली त्या दिवशी काका म्हणाले, चल, चक्कर मारून येऊ. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली, गजरा माळला आणि पोर्चमध्ये येऊन उभ्या राहिल्या. काका म्हणाले, थांब जरा, पाहून घेतो. मग चाकं ठोकणं आलं, दिवे आले, गाडीखाली वाकणं आलं. नवीन गाडी म्हणून पाहायचं अंमळ जास्तच होतं. काकू उभ्याच. गजरा कोमेजला. शेवटी काका शिट्टी मारून मागून पुढे आले तेव्हा पोर्चमध्ये कुणीच नव्हतं. घरात गेले तर काकू जुनी साडी नेसून भाजी निवडत होत्या. "सारी जिंदगी तुमची वाट पाह्यली," त्या म्हणाल्या. "आता या डब्ब्यासाठी नाही पाहणार. या गाडीत बसली, तर नाव बदलीन."

आता गंमत पाहा. काकांनी ती गाडी घेतली होती ती काकूंसाठीच. हे त्यांनी मला एकदा नव्या रायपूरच्या रस्त्यावर, समोर बघत सांगितलं. दिवाळी असो, कुणाचं बारसं असो, ड्यूटी लागली की हे निघाले. सणाच्या दिवशी कुठल्यातरी आडरानात सिग्नलसाठी थांबलेल्या मालगाडीच्या डब्यात हे एकटे, आणि घरी काकू एकट्या. "मंग म्हटलं, आता अशी गाडी घ्यायची जिच्यात मागचा डब्बाच नाही," काका म्हणाले. "दोनच जागा. बाजू-बाजूनं." मी विचारलं, हे काकूंना सांगितलंत का? "असं कोणी सांगते का?" म्हणाले. मला त्या क्षणी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

पावसाळ्यात, पोळा जवळ आला तेव्हा, गाडीच्या मागच्या चाकातून आवाज येऊ लागला. मला तो ऐकूही येत नव्हता. काकांचे कान आयुष्यभर गाडीच्या मागच्या टोकाला लागलेले, त्यांना थांबताना एक बारीक चीं ऐकू येई. मेकॅनिकनं पाहून सांगितलं की मागचे ब्रेक पॅड झिजलेत, पण पुढचे चांगले आहेत, "पीछे का चलेगा अंकल." काका गाडी घेऊन तडक घरी आले. दोन दिवस ते त्या माणसाबद्दल बोलत होते. तो चोर असता तरी चाललं असतं, पण मागचं चालेल म्हणणारा माणूस त्यांच्या दृष्टीनं पार वाया गेलेला होता. त्यांनी स्वतःच पॅड मागवले. पॅड आले आणि गार्डाच्या जुन्या काळ्या लोखंडी पेटीत झेंड्यांशेजारी जाऊन पडले, कारण घाई नव्हती.

घाई आली ती तीजेमुळे. आपल्याकडे हरितालिका म्हणतात तीच, पण छत्तीसगडात तिचा थाट निराळा. तीजेला लेकीबाळींना माहेरी न्यायला भाऊ येतो. बोलावणं म्हणजे भाऊ दारात येऊन उभा राहणं, फोनबिन नाही. आदल्या संध्याकाळी माहेरी पोचून कारल्याची भाजी आणि भात खायचा आणि मग उपास धरायचा. पिढ्यान्पिढ्या इथे राहून काकूंच्या घरानंही ही रीत उचललेली होती. त्यांचा भाऊ अभनपूरला. लग्न झाल्यापासून दर तीजेला तो बसनं येऊन बहिणीला घेऊन गेला होता, एकही वर्ष चुकलं नव्हतं. यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

दरवर्षी आठ दिवस आधी बॅग भरून ठेवणाऱ्या काकू यंदा गप्प होत्या. भावानं फोन करून काकांना सांगितलं, "जवाईबापू, यंदा माह्या जागी तुम्ही तिले घेऊन या." काका उठून उभे राहिले. त्यांना ड्यूटी लागली होती.

काकूंनी एका वाक्यात निकाल लावला. "तीजेले भाऊ नेते, नवरा नेत नसते. अन् त्या गाडीत तर मी बसतच नाही."

"बसनं जा मग काकू," मी म्हटलं.

"बोलवाले कोणी आलं नाही तर जाऊ कशी? बेशरमासारखी?"

तिकडे भाऊ पलंगावर पडून वाट बघणार, इकडे काकू कारलं-भाताशिवाय बसणार, आणि दोघांच्या मध्ये ती लाल गाडी. मी काका-काकू दोघांवरही चिडले होते. पण काकांनी काकूंशी वाद घातलाच नाही. ते मला म्हणाले, "ती बसली तर बसली. पण मागून आवाज येणाऱ्या गाडीत मी तिले बसवणार नाही." आणि तीजेच्या आदल्या दिवशी सकाळी, पाऊस उघडल्यावर, त्यांनी पोर्चमध्ये काम काढलं.

आमच्या पोर्चला फाटकाकडे उतार. फाटकापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे तळं. गाडीचं तोंड तळ्याकडे. काकांनी पुढच्या चाकांना विटा लावल्या. मग वजनदार विटा लावल्या. मग एक लोखंडी साखळी काढली आणि गाडी म्हशीसारखी पोर्चच्या खांबाला बांधली. त्यानंतर मागचा भाग जॅकनं उचलला, खाली भक्कम घोड्या लावल्या, चाकं काढली. माझ्याकडे काम होतं मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवायचं. व्हिडिओतला माणूस हसतमुख होता आणि त्याचं पहिलंच वाक्य होतं, "सबसे पहले हैंडब्रेक छोड दीजिए."

"पुढं घे," काका म्हणाले.

"काका, तो म्हणतोय हँडब्रेक सोडा."

"ऐकलं. पुढं घे."

अशा गाड्यांत मागच्या चाकाला पायाचा आणि हाताचा, दोन्ही ब्रेक एकाच जबड्यातून लागतात. हँडब्रेक ओढलेला असला की तो जबडा आतली चकती घट्ट आवळून बसतो. मग जुने पॅड बाहेर येणार कसे? काकांनी ओढून पाहिलं, ठोकून पाहिलं, तेल सोडून पाहिलं. मी दर थोड्या वेळानं व्हिडिओ मागे नेऊन तेच वाक्य मोठ्या आवाजात लावत होते. स्वयंपाकघराची खिडकी पोर्चमध्ये उघडते. तिच्यात काकू दिसत होत्या, आमच्याकडे न बघता.

दुपार व्हायला आली आणि माझा पारा चढला. "काका, मागची चाकं काढून बाजूला ठेवलीत तुम्ही! गाडी मागून हवेत आहे! तो हँडब्रेक आता कुणाला धरून बसलाय?"

काका पेटीवर बसले. तळव्याकडे बघत म्हणाले, "मले माहीत आहे, पोरी. सकाळपासून तीनदा आत बसून हात लावला. हात नाही ऐकून राहिला."

मी व्हिडिओ बंद केला. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"नवीन होतो नोकरीत," ते म्हणाले. "एका लहान स्टेशनात आमची गाडी थांबली होती. बाजूच्या लाइनवर चार डब्बे उभे होते, दुसऱ्या कोणाचे. मी त्यांच्या बाजूनंच चालत गेलो. ब्रेक लावले आहेत का, नाही पाह्यलं. माह्ये नव्हते ना. ते उतारानं सरकू लागले. अख्खी गाडी चालली तर आवाज येते. चार डब्बे मुक्यानं जातात. पुढं एक चहावाला रुळावर पाय टेकून बसून होता, पाठ इकडं. मी पाह्यलं, धावलो, शिट्टी मारली. तो उठला. माणूस वाचला. पाय नाही वाचला."

"तुमची चूक नव्हती, काका."

"चौकशीतही तेच लिहिलं. पण बाजूनं तर मीच गेलो होतो ना. तवापासून उभ्या गाडीचा ब्रेक माह्या हातानं सुटत नाही. चालवतो तवा मीच राखाले असतो; सोडून खाली उतराचं, तर गाडीवर कोणी राखणारा पाह्यजे."

"मग मी बसते गाडीत. मीच सोडते."

"तू सवारी आहेस," ते अगदी हळू म्हणाले. "सवारीच्या भरवशावर नाही सोडत."

मी काही बोलणार, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "त्या वर्षी तुम्ही दोन महिने माह्याशी बोलले नव्हते."

काकूंच्या हातात अर्धं चिरलेलं कारलं होतं. म्हणजे त्यांनी घरीच कारल्याची भाजी करायला घेतली होती.

"लगन होऊन सालभर नव्हतं झालं," त्या म्हणाल्या. "रात्री पलंगाचा पाय धरून झोपत होते तुम्ही. मले वाटलं, माह्यावर राग आहे. मी आवडली नाही. मायले लिहून पाठवणार होती मी, की मले घेऊन जा. अन् तुम्ही हे आज सांगून राहिले, तेही या पोट्टीले?"

काका उभे राहिले. "मले वाटलं, तू घाबरशील," म्हणाले.

"घाबरली असती. मंग?"

खिडकीतून काकू नाहीशा झाल्या. आता त्या आठवडाभर बोलणार नाहीत, असं मला वाटलं. तर त्या पदराला हात पुसत पोर्चमध्ये आल्या, गाडीला वळसा घातला आणि डाव्या बाजूचं दार उघडलं. गाडी मागून उचललेली, सीट जमिनीला टेकलेली, त्यांचे गुडघे दुखरे. मी हात द्यायला पुढे झाले तर त्यांनी तो झटकला. दार धरून, काकांच्या सगळ्या पूर्वजांना नावं ठेवत, त्या एकदाच्या आत बसल्या. प्लास्टिक करकरलं.

"हे काय लावून ठेवलं, दुकानावानी?" आणि त्यांनी ते मुठीत धरून खांद्यापासून टराटरा फाडलं. उरलेलं बसल्याबसल्या खालून ओढून काढलं आणि माझ्या अंगावर फेकलं.

काका बघत राहिले होते. "तुझं नाव काय ठेवायचं मंग आता?" त्यांनी विचारलं.

"ते मंग पाहू. ब्रेक कोणता, सांगा."

दोन सीटच्या मधल्या दांड्याकडे काकांनी बोट दाखवलं. काकूंनी त्यावर हात ठेवला. "मी बसली आहे गाडीवर. आता तर झालं? सवारी नाही मी."

"नाही," काका म्हणाले. "तू सवारी नाहीस."

ते मागे गेले. पेटीतून शिट्टी काढली, झेंडा काढला. गाडीच्या मागे सरळ उभे राहिले. शिट्टी वाजली, फाटकाशी कुत्री जमली, आणि काकांनी हिरवा झेंडा वर केला. काकू मागे वळू शकत नव्हत्या, पण समोरच्या आरशात बघत होत्या.

"सोडू?"

"हव. सोड."

दांडा टक्कन खाली गेला. काका डोळे मिटून उभे होते. गाडी हलली नाही. साखळीसुद्धा ताणली गेली नाही. तळं होतं तिथेच राहिलं.

त्यानंतरचं काम सरळ होतं. जबडा निघाला, जुने पॅड हातात आले, झिजून बिस्किटाएवढे पातळ. आतला पिस्टन नुसता दाबून मागे जात नाही, फिरवत फिरवत न्यावा लागतो, त्याला वेळ लागला. तो सगळा वेळ काकू गाडीतून उतरल्या नाहीत. तोंड तळ्याकडे करून बसून राहिल्या. काका मागे चाकाशी. दोघं एकमेकांकडे न बघता बोलत होती. तो चहावाला पुढे कुठे गेला, काका त्याला भेटायला जात का, तेव्हा काकूंनी आईला काय लिहिलं होतं आणि का फाडून टाकलं. मी टॉर्च धरून होते, पण मान वळवून रस्त्याकडे बघत होते. एकदा काकू म्हणाल्या, "किती टाइम लागंल अजून?" काका म्हणाले, "झालंच." मला हसू आलं. पुन्हा त्या वाटच बघत होत्या, पण या वेळी गाडीत बसून.

चाकं चढली. काकांनी काकूंना म्हटलं, "ओढ आता," आणि काकूंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मगच गाडी खाली उतरवली. काकांनी पायाचा ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून तो घट्ट झाल्याची खात्री केली, साखळी सोडली, विटा काढल्या, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि कपडे बदलून आले. काकू अजून तिथेच.

"पोरी," त्या मला म्हणाल्या, "माळ्यावरची बॅग आण. अन् ते कारलं फ्रिजमधी ठेव. तिकडं माहेरी खाईन. भावानं यांलेच धाडलं, मंग बोलावणंच झालं ना."

माळ्यावरची बॅग मी ओढली तर खाली पडता पडता वाचले. ती भरलेली होती. वर घडी करून ती ठेवणीतली साडी.

बॅग काकूंच्या पायाशी बसवली. काका सवयीनं झेंडा घेऊन मागे निघाले, शिट्टी तोंडात. काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला. "आणा तो इकडं. तुम्ही बसा समोर."

काका थबकले. आयुष्यात त्यांनी तो झेंडा कुणाच्या हाती दिला नसेल. त्यांनी तो दिला. वळसा घालून ते स्टिअरिंगमागे बसले, गाडी सुरू केली, वर माझ्या कपबशा हलल्या असतील. आणि ते थांबून राहिले. परवानगीशिवाय गाडी हलत नाही.

"पाह्यलं का मागं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी मागे पाहिलं नाही. त्यांनी खिडकीबाहेर हात लांब करून हिरवा झेंडा उघडला.

"मागं काही नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "चला."

काकांनी हँडब्रेक स्वतःच्या हातानं सोडला. गाडी फाटकाबाहेर पडली आणि तळ्याच्या कडेनं अभनपूरच्या रस्त्याला लागली, तीसच्या वेगानं. वळणापर्यंत मला ती पिवळी फुली दिसत होती आणि डाव्या खिडकीतून बाहेर आलेला हात. काकू झेंडा आत घ्यायला तयार नव्हत्या.